शी-आत्या आणि पडद्यावरची लाट

माझी आत्या ‘शी’ म्हणाली की समोरच्याला अंघोळ करून यावंसं वाटे. महाल भागातल्या आमच्या गल्लीत तिला सगळे शी-आत्याच म्हणत. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरी हौसेनं रेडिओ, अॅम्प्लिफायर जोडत बसायची. कुणी ओबडधोबड सोल्डरिंग दाखवलं की ते झुरळासारखं दोन बोटांत उचलून विचारी, “हे कोणाचं पाप हाय?”

आतोबांना ऐकू येईनासं झालं. बाजारातली यंत्रं त्यांनी वैतागून फेकली, तेव्हा तिनं स्वतःच त्यांच्यासाठी कानाचं यंत्र बनवायला घेतलं. पण ते सारखं शिट्ट्या मारी. आत काय बिनसतंय ते डोळ्यांनी पाहायचं तर ऑसिलोस्कोप हवा. विजेची थरथर पडद्यावर रेघेत दाखवणारं यंत्र.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तिचा धाकटा भाऊ, माझा मनोहरकाका, नुकताच कॉम्प्युटर विकायला लागला होता. “ताई, जुना डबा काहून घेऊन राहिली? हे कार्ड कॉम्प्युटरले जोड, झाला ऑसिलोस्कोप!”

आत्या आणि मी त्याच्या दुकानात गेलो. एका कॉलेजचे प्राध्यापकही तेच कार्ड पाहायला आले होते. पडद्यावर गुळगुळीत, देखणी लाट चालली होती. प्राध्यापक खूश. आत्यानं हात पुढे केला आणि टेबलावरच्या सर्किटला लावलेली वायर उपटून घेतली.

लाट तशीच चालत राहिली.

“मनोहर, वायर माह्या हातात हाय. मंग हे काय नाचून राहिलं?”

“डेमो असतो तो, ताई. सगळेच करतात,” काका हसला.

“शी!” एवढंच म्हणून ती पायऱ्या उतरली. तिच्या मागोमाग प्राध्यापकही.

नातेवाइकांनी तिलाच धारेवर धरलं. सख्ख्या भावाचं गिऱ्हाईक तोडलं, माफी माग म्हणे! फसवणाऱ्याला कुणी एक शब्द बोललं नाही. एरवी गोड बोलणाऱ्या त्या माणसांच्या घरचं पाणीसुद्धा मला नकोसं झालं. आत्यानं माफी मागितली नाही. बंद पडलेल्या एका रेडिओ दुकानातला हिरव्या पडद्याचा अवजड ऑसिलोस्कोप तिनं आणला, चिकाटीनं शिट्टीचं मूळ शोधलं आणि यंत्र आतोबांच्या कानाला लावलं.

“तुझा आवाज एवढा खरखरीत झाला वं? मले मालूमच नव्हतं,” आतोबा म्हणाले. ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

पुढं तीच आजारी पडली. धंतोलीतल्या दवाखान्यात काका भेटायला आला, तिचा हात हातात घेऊन बसला.

“आता तरी खरं दाखवून विकतं ना गा?”

“हो, ताई.”

“माह्याकडे पाहून सांग.”

काका खिडकीकडे पाहत राहिला. तिनं आपला हात हळूच सोडवून घेतला आणि चादरीला पुसला.

बाहेर येऊन काका मला म्हणाला, “आजारी माणसाचं काय मनावर घ्यायचं!” मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.