आवडते शिक्षक कोण?

लातुरात क्लासेसचं पेव फुटलं त्या वर्षांत कुठंही दगड भिरकावला तर तो एखाद्या सरांनाच लागला असता. आमच्या क्लासचे मालक म्हणजे त्या सरांचेही सर. चौकाचौकात त्यांचा हाताची घडी घातलेला फोटो. मी त्यांच्याकडे केमिस्ट्री शिकवायचो, आणि हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायचा.

कारण घरचंच होतं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायची. तिथं माझे वडील, आण्णा, शिक्षक होते आणि मालक त्यांचे विद्यार्थी. प्रत्येक समारंभात मालक माईक धरून सांगायचे, "गुरुजी नसते तर मी आज दगडं फोडत बसलो असतो," आणि डोळे पुसायचे. पुसून झाले की फोटो काढणारा कुठं उभा आहे ते बघायचे. मला किळस यायची. आण्णांना मात्र ते भाषण तोंडपाठ होतं, आल्यागेल्याला म्हणून दाखवायचे.

एका शनिवारी ऑफिसचा कॉम्प्युटर पासवर्ड घेईना. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेचा पेपर त्यातच, आणि पोरं रेणापूरपासून देगलूरपर्यंतची येणार होती. पासवर्ड मालकांनीच बदललेला आणि मालक नांदेडला, नव्या शाखेच्या उद्घाटनाला. फोन केला तर त्यांनी मलाच फैलावर घेतलं.

"मला न्हाई आठवत. तुम्ही काय झोपा काढून राहिले का तिथं? संध्याकाळपर्यंत पेपर निघाला न्हाई तर सोमवारी येऊ नका."

आणि फोन बंद. चोराच्या उलट्या बोंबा! नोकरी जाणार होती ती माझी.

'पासवर्ड विसरलात?' यावर मी क्लिक केलं. मालकांनी पूर्वी निवडून ठेवलेला प्रश्न समोर आला : तुमचे आवडते शिक्षक कोण? माझा जीव भांड्यात पडला. मी आण्णांचं नाव टाकलं. चूक. आडनावासकट टाकलं. तेही चूक. शेवटी आण्णांनाच फोन लावला आणि सगळं सांगून विचारलं, शेडमधली पोरं तुम्हाला काय म्हणायची?

"पत्र्याचे गुरुजी म्हणायची," आण्णा म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "म्हंजे त्यानं माझं नाव घातलंय व्हय रं त्यात?" फोन न ठेवताच ते आईला हाका मारायला लागले.

पत्र्याचे गुरुजीही चूक निघाले. आता एकदाच टाकता येणार होतं, नंतर दिवसभर कुलूप. समोरच्या भिंतीवर मालकांचा तोच हाताची घडी घातलेला फोटो, खाली सोनेरी अक्षरांत नाव. माझं डोकं सणकलं. शिवी हासडावी तसं ते नाव मी टाइप केलं.

उघडलं.

पेपर छापले, नोकरी वाचली. घरी आलो तर आण्णा धुतलेला सदरा घालून दारातच उभे.

"उघडलं न्हवं?"

"हाव," मी म्हणालो. "तुमच्याच नावानं."

या खोट्याचं मला आजही काही वाटत नाही. त्या खोट्याचं पुढं जे झालं त्यानं मात्र अजून अंगाचा तिळपापड होतो. आण्णांनी मला न सांगता मालकांना फोन करून त्यांचे आभार मानले. मालकांना आयतंच सापडलं.

निकालानंतरच्या सत्कारात भाषणात नवा प्रसंग आला. "गुरुजींचं नाव घेतल्याशिवाय माझा कॉम्प्युटरसुद्धा उघडत न्हाई," मालक म्हणाले. म्हणताना त्यांनी एकदा सरळ माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार नाही हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. मग त्यांनी डोळे पुसले.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी आण्णा अंगावरची शाल सावरत उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"वाजव की रं!"

मी वाजवल्या.