कुंडलची गाडी कितीला

डिसेंबरमधल्या एका बुधवारी सकाळी सात वाजता शालन वारली. ती माझी बायको. वीस दिवसांनी मी कोरेगावहून कुंडलला निघालो.

कुंडलला तिची थोरली बहीण राहते, हिराक्का. खुब्याचं हाड मोडल्यामुळे आक्कांना येता आलं नव्हतं. शालनची एक साडी त्यांना पोहोचवायची होती. त्यांनी मुलाकडून, विलासकडून, निरोप धाडला होता : दुपारच्या जेवणाला या, दाजी आल्याशिवाय मी जेवणार नाही.

प्रवासात आमची कामं वाटलेली होती. मी पाटी वाचायचो, शालन विचारायची. मी शाळेत ग्रंथपाल होतो, लिहिलेल्यावर माझा विश्वास. मी वेळापत्रक वाचून संपवेपर्यंत ती तीन माणसांना विचारून, त्यांतल्या एकीच्या सुनेचं बाळंतपण ऐकून घेऊन, गाडीत जागा धरून बसलेली असायची. खिडकीतून म्हणायची, "झालं का वाचून?"

या खेपेला कुणालाही काही विचारायचं नाही, असं मी घरातून ठरवून निघालो. या वाटेवर तिला ओळखणारी माणसं पुष्कळ. गाडी कितीला म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला : आज एकटेच? त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. पाटी उलट काही विचारत नाही.

साताऱ्यापर्यंत हे जमलं. तिथली पाटी मोठ्या अक्षरांत आहे आणि उजेडात आहे. मी ती तीनदा वाचली, गरज नसताना. पुढे महामार्गावर उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी जात राहिली. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर मी साडीची पिशवी ठेवली.

गाडी जिथे बदलायची, त्या स्टँडचं नाव लिहीत नाही. तिथली पाटी भिंतभर आहे. डावीकडे गावं, मध्ये 'मार्गे', उजवीकडे वेळा. वेळांच्या रकान्यावर कुणा युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फलक बांधलेला होता. वाढदिवस ऑगस्टमध्ये होऊन गेला होता. नेत्याच्या कोपराखालून, कुंडलच्या ओळीत, एक आणि पाच हे आकडे दिसत होते. ते कुठल्या तासाचे, हे नेत्याच्या बाहीखाली होतं. वर विजेची एक पाटी होती. तिच्यावर लाल अक्षरं सरकत होती : प्रवाशांनी वेळापत्रक पाहूनच प्रवास करावा. मी पुन्हा खाली पाहिलं.

खांबापलीकडे एक पेरूवाल्या मावशी बसतात. शालन दर खेपेला त्यांच्याकडचाच पेरू घ्यायची आणि त्यांनाच गाडी विचारायची. म्हणून मी खांबाच्या अलीकडे उभा राहिलो. खांब बारीक आहे. मी तितका नाही.

साडेअकराला 'तासगाव' अशी पाटी असलेली गाडी समोर येऊन लागली. बरीच माणसं चढली. मी पाटी दोनदा वाचली. कुंडल लिहिलेलं नव्हतं. गाडी निघून गेली.

बाराला विलासचा फोन आला.

"काका, कुठवर आलासा?"

"स्टँडवरच आहे अजून."

"आवं, आयनं साडेअकरालाच सुई टोचून घेतली." आक्कांना मधुमेह आहे; इन्शुलिन घेतल्यावर उपाशी राहणं धोक्याचं. "आता ताट झाकून बसलीया. साखर दिली तर हात झटकती. म्हणती, दाजी आल्याबिगर न्हाई."

"त्यांना म्हणावं, दोन घास तरी खा."

"तुमीच सांगा. पण फोनात तिला ऐकू येत न्हाई. शालनमावशीचं ऐकलं असतं तिनं." त्याने फोन ठेवला.

मी पिशवी उचलली आणि खांबाला वळसा घातला.

"मावशी, कुंडलची गाडी कितीला?"

त्या पेरू पुसत होत्या. "आवं गुरुजी, मगाधरनं त्या पाटीचा पाठ करताय. म्या म्हनलं, परीक्षा हाय का काय आज! तासगावची गेली की तुमच्या डोळ्यांम्होरनं. ती कुंडलावरनंच जाती."

"तिच्या पाटीवर नव्हतं."

"पाटीवर कशाला पायजे? समद्यास्नी ठावं हाय." मग त्यांनी माझ्या मागे पाहिलं. "आन् वैनी कुठं हायत?"

मी सांगितलं. तीन शब्द लागले.

"शालन वारली, मावशी."

त्यांचा हात थांबला. "कवा?"

"वीस दिवस झाले."

"आन् त्या खांबामागं उभं राहिला, पर मला सांगितलं न्हाई?"

मी आक्कांच्या सुईचं सांगितलं. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि कँटीनकडे तोंड करून ओरडल्या, "आवं डायवर, च्या आवरा! कुंडलात म्हातारं माणूस उपाशी बसलंय!"

"सुटायला टाइम हाय, मावशे," आतून आवाज आला.

"मग ह्यास्नी बसवून तरी घ्या. न्हाईतर हे तुमची पाटी वाचत बसतील!"

त्या ड्रायव्हरच्या गाडीला पाटीच नव्हती. ती पलूसची होती आणि कुंडलवरून जाणार होती. मी चढलो, तेव्हा मावशींनी खिडकीतून कागदात बांधलेला पेरू दिला. गाडी वेळेवर सुटली. कोणती वेळ, ते मला माहीत नाही.

कृष्णेचा पूल गेल्यावर मी कागद उघडला. पेरूच्या चार फोडी होत्या. दोन नुसत्या, दोन तिखटमीठ लावलेल्या. मी नुसता खातो. तिखटमीठ शालनला लागायचं. मावशींच्या हाताने नेहमीसारखंच केलं होतं. मी चारही खाल्ल्या.

कुंडलच्या फाट्यावर विलास मोटारसायकल घेऊन उभा होता. आक्का सोप्यात (घराच्या पुढच्या खोलीत) खाटेवर बसल्या होत्या. कपाळावर घाम होता, हात कापत होते. समोर झाकलेलं ताट.

"आदी सांगा," त्या म्हणाल्या. "कसं झालं?"

"आधी घास घ्या."

"न्हाई. आदी सांगा."

मी ताटावरचं झाकण काढलं. भाकरी आणि पावट्याची आमटी होती. "एक घास खा, मग एक गोष्ट सांगतो."

त्यांनी एक घास खाल्ला. मी सांगितलं, की मंगळवारी रात्री ती नीट जेवली होती. त्यांनी दुसरा खाल्ला. मी सांगितलं, की पहाटे तिने माझ्याकडे पाणी मागितलं. असं करत भाकरी संपली. माझ्याकडे आणखी सांगण्यासारखं होतं, म्हणून विलासच्या बायकोने दुसरी आणली. हात कापायचे थांबल्यावर आक्कांनी साडी मांडीवर घेतली आणि माझं ताट वाढायला सांगितलं.

"कंच्या गाडीनं आलासा?" त्यांनी विचारलं.

"विचारून आलो."

"तुमी?" आक्का म्हणाल्या.

परतताना त्याच स्टँडवर उतरलो. नेता होता तिथेच होता, लाल अक्षरं सरकत होती. मावशी टोपली बांधत होत्या. मी त्यांना साताऱ्याची गाडी विचारली, मग आक्का जेवल्याचं सांगितलं. मावशींनी आधी जेवणाचं विचारून घेतलं, म्हणजे किती भाकऱ्या खाल्ल्या ते, आणि मग गाडी सांगितली.

पाट्यांवर माझा राग नाही. त्या दुरुस्त व्हायला हव्यात. परमुलखातला माणूस तिथे उतरला तर त्याने काय वाचायचं? तसं पत्र मी लिहिणार आहे.

साडी आक्कांकडे आहे. दर महिन्याला त्यांच्याकडे जेवायला जायचं ठरलं आहे. विचारायचं काम आता माझ्याकडे आहे.