गाडी यायच्या आत

मोशीच्या द्रौपदाबाई सस्ते यांच्या गोठ्याच्या जागी आता सोसायटीचं पार्किंग आहे आणि बाई सातव्या मजल्यावर राहतात. टीव्हीवरचं त्यांना एरवी काही म्हणजे काही पटत नाही. एकदा नातसून ऋतानं स्वित्झर्लंडचा एक माहितीपट लावला. डोंगरातला एक म्हातारा आपली शेवटची गाय विकतो, एवढीच त्याची गोष्ट. गाय गाडीत चढली तशा बाई भडकल्या, "लक्ष्मी चालली दारातून, अन् हळद-कुंकू न्हाई, तोंडात घास न्हाई. माणूस हाय का दगड?"

मग म्हाताऱ्यानं आत जाऊन सवयीनं रिकाम्या गव्हाणीत गवत टाकलं.

आता दर रविवारी त्या तोच माहितीपट लावायला सांगतात आणि ऋताला बजावतात, "गाडी यायच्या आत बंद कर. ऱ्हाऊ दे तिला दावणीला."