दोघांच्या सोफ्यावर मधोमध

प्रताप नगरातल्या आमच्या शेजारच्या काकू बोलताना सोफ्याच्या हातावर टिचकी मारतात. काका होते तेव्हा दोघांच्या त्या सोफ्यावर ते पेपर पसरून बसायचे आणि काकू कडेला, अंग चोरून. काका गेले, तसा मुलगा एक खुर्ची घेऊन आला. "आई, एकटीला एवढा सोफा, मतलब, कशाला?"

काकूंनी टिचकी मारली. "अरे, असले सोफे आधी विलायतेत घेरदार झग्यातल्या एकट्या बाईसाठीच बनायचे. जोडपी नंतर घुसली!" आणि आठवडाभरात त्यांनी सोफ्याला लालभडक सांगानेरी छापाचं कापड चढवून घेतलं.

परवा मी सवयीने त्यांच्या शेजारी टेकायला गेले. मधोमध बसलेल्या काकू तसूभरही हलल्या नाहीत. मुलाच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिथं बस."