नीतीच्या तासाचा डबा

कॉलेजातून दोघं जण आले होते. माझ्या धाकट्या भावाच्या नावानं नीतिमूल्यांचं बक्षीस सुरू करायचंय, त्याची पुस्तिका निघणार आहे, तर सरांबद्दल घरच्या कुणी चार शब्द लिहावेत, असं म्हणाले. घरचं म्हणजे आता मीच उरले. मी सांगितलं, माझी शाळा तिसरीतच सुटली. ते म्हणाले, चालेल, मनापासून लिहा. नातू म्हणाला, आजी, छापतील तेवढंच लिही. दोघांचं ऐकणं जमायचं नाही, म्हणून मी त्यांचं ऐकते.

भाऊ इंजिनियरिंगच्या पोरांना ड्रॉइंग शिकवायचा. एक रेघ जाड आली की अख्खा कागद पुन्हा काढायला लावायचा. चालणं ताठ, बोलणं ताठ. पोरांनी नाव ठेवलं होतं काटकोन. त्याची बायको दोन वर्षांत माहेरी गेली ती गेलीच. जाताना मला म्हणाली, या घरात भाजीत मीठ विसरलं तरी खुलासा द्यावा लागतो. पुढं मी विधवा झाले, मुलं आपापल्या मार्गाला लागली आणि मी त्याच्याकडे राहायला आले. मला तिथं सगळे आक्का म्हणत.

मग कॉलेजात नीतिमूल्यांचा तास निघाला. त्याला मार्क नव्हते. शनिवारचा शेवटचा तास, कुणी मास्तर घ्यायला तयार होईना. तो कुणाला द्यायचा हे ठरवायच्या मीटिंगला भाऊ एकटाच वेळेवर पोचला, म्हणून तो त्याच्या गळ्यात पडला. हे तो स्वतःच हसत सांगायचा. पण पडला तो पडला, अठ्ठावीस वर्षं त्यानं सोडला नाही.

त्याची एक पद्धत होती. पहिल्या तासाला प्रत्येकानं एक चिठ्ठी लिहायची. स्वतः केलेली किंवा डोळ्यांदेखत झालेली एक चुकीची गोष्ट, जी अजून कुणाला सांगितलेली नाही. नाव घालायचं नाही. चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. झाकणाला चिकटपट्टी लावून तो डबा घरी आणून कपाटावर ठेवायचा आणि शेवटच्या तासाला सगळ्यांसमोर वर्कशॉपातल्या लोहारकामाच्या भट्टीत तो रिकामा करायचा. चिठ्ठ्या कुणीही वाचणार नाही, मीसुद्धा नाही, असा शब्द द्यायचा. म्हणायचा, लिहिताना माणूस स्वतःला सापडतो, तेवढं पुरे. मी दर आठवड्याला डब्यावरची धूळ पुसायची. एकदा मी विचारलं, तुला कधी वाटत नाही का रे उघडून बघावं? तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी फडकं घेऊन स्वयंपाकघरात गेले.

त्या वर्षी वर्गात एक उंच, काटकुळी मुलगी होती. पोरं तिला शिडी म्हणत. ड्रॉइंगला वर्गात पहिली. अक्षर छापल्यासारखं, भावानंच घटवून घेतलेलं. ती शिकता शिकता एका वसाहतीत पाण्याच्या टाकीच्या बांधकामावर उमेदवारी करत होती. चिठ्ठ्या लिहून झाल्यावर पाच आठवड्यांनी त्या टाकीत पहिल्यांदा पाणी भरलं. सकाळी अकराला टाकी खांबांसकट खाली आली. खाली पंप चालवणारा माणूस आणि त्याची बायको होती. बायको डबा द्यायला आली होती म्हणे.

चौकशी बसली. खांबांतल्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना बांधून ठेवणारी लोखंडी कडी, नकाशात सहा इंचांवर होत्या, खांबात फुटाफुटावर निघाल्या. मोजणीच्या वहीत मात्र सगळीकडे सहा. वहीत अक्षर शिडीचं, सहीही शिडीची. साइटवरच्या साहेबानं हात झटकले. मोजलं तिनं, लिहिलं तिनं, आम्हाला ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. मी चहा ठेवला, तो तिनं घेतला नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं, की सरांनी डबा उघडावा आणि तिची चिठ्ठी काढून चौकशीवाल्यांना द्यावी. त्या चिठ्ठीत तिनं सगळं लिहिलं होतं. भावानं तिला शांतपणे समजावलं, की एकसष्ट जणांना शब्द दिलाय, एकीसाठी मोडला तर साठांचा मोडतो.

ती म्हणाली, "सर, तुम्ही वाचाल म्हणूनच लिहिली होती मी. वाचणार नाही असं सगळीच मोठी माणसं म्हणतात."

भाऊ म्हणाला, "मी म्हणतो ते करतो."

ती गेली. त्या दुपारी भाऊ जेवला नाही. तीनच्या सुमाराला त्यानं स्टूल लावून डबा खाली काढला, सुरीनं पट्टी कापली आणि चिठ्ठ्या खाटेवर ओतल्या. मी दारात उभी होते. मला जा म्हणाला नाही.

बावीस वर्षांचं त्याचं पुण्य त्या दिवशी त्यानं वाचलं. निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. नऊ जणांनी दुसऱ्याची हजेरी लावल्याचं एकाच शब्दांत लिहिलं होतं, म्हणजे पापसुद्धा एकमेकांचं उतरवून घेतलेलं. एकीवर गाढव काढलं होतं, त्याला भावाचा चष्मा. एकानं लिहिलं होतं, मी या तासाला बसलो, हीच माझी चूक. काही तर मला इथं लिहिता यायच्या नाहीत. तो एकेक मोठ्यानं वाचून उलटी ठेवत गेला. शेवटी एक हातात धरून बसला. ती मात्र दोनदा मनातच वाचली. मग उठून मोरीत तोंड धुवायला गेला.

मला घाईतलं अक्षर वाचता येत नाही. पण ते अक्षर पाटीवरच्यासारखं होतं. बोट ठेवून मी वाचलं. अजून पाठ आहे.

खांबांत रिंगा सहा इंचांवर हव्यात, फुटावर बांधल्यात. मी मोजलं. साहेब म्हणाले, वहीत सहा लिही. मी लिहिलं. टाकीत अजून पाणी भरलेलं नाही. सर, तुम्ही कुणाला तरी सांगा.

भाऊ पंच्यानं तोंड पुसत आला. माझं बोट कुठं आहे ते त्यानं पाहिलं.

"आक्का," तो म्हणाला, "ही बाहेर आली तर लोक विचारतील, पाच आठवडे डबा कुणाच्या कपाटावर होता."

त्यानं एकसष्ट चिठ्ठ्या मोजून डब्यात भरल्या, कोपऱ्यावर जाऊन चिकटपट्टीचं रीळ घेऊन आला आणि झाकण पुन्हा बंद केलं. मीच पट्टीचं टोक धरलं होतं.

शेवटच्या तासाला दरवर्षीसारखी मीही वर्कशॉपात गेले. भट्टी फुललेली होती. भावानं डबा वर धरून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, बावीस वर्षांत हा एकदाही उघडलेला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ज्यानं गाढव काढलं होतं, त्यानंही वाजवल्या असतील. शिडी पहिल्या रांगेत होती. ती डब्याकडेच बघत होती. चिठ्ठ्या जळायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही.

संध्याकाळी भाऊ फिरायला गेल्यावर ती आली. दाराबाहेरच थांबली.

"आक्का, सरांनी डबा उघडला होता का?"

"नाही गं," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "निदान वाचून तरी गप्प बसले नाहीत."

तिला कॉलेजातून काढलं. इंजिनियर म्हणून तिला पुन्हा कुणी उभं केलं नाही. साइटवरच्या साहेबाला समज मिळाली. भावाला त्याच वर्षी आदर्श शिक्षक म्हणून शाल मिळाली. ती त्यानं कधी अंगावर घेतली नाही. पण परतही केली नाही. पुढं सहा वर्षं त्यानं तोच तास घेतला, चिठ्ठ्या मात्र बंद केल्या. आम्ही दोघं एका घरात राहिलो, एका ताटलीतली भाकरी वाटून घ्यावी तसं मोजकं बोलणं वाटून घेतलं, आणि त्या गोष्टीला दोघांनीही हात लावला नाही. गेला तेव्हाही ताठच होता.

इथवर लिहून झाल्यावर मी त्याची दुसरी प्रत नातवाकडून काढून घेतली. बाजारामागच्या गल्लीत पाट्या रंगवायचं दुकान आहे. मागं एकदा डॉक्टरच्या दारावरच्या पाटीचं अक्षर मी ओळखलं होतं, तेव्हापासून दुकान मला ठाऊक होतं. काल पहिल्यांदा आत गेले. शिडी स्टुलावर बसून एका पाटीवर रेघ ओढत होती. केस पांढरे व्हायला लागलेत. मला बघून उठली नाही. मी कागद पुढं केला आणि म्हटलं, मी तेव्हा खोटं बोलले होते.

तिनं रेघ पूर्ण केली, मगच मान वर केली.

"चिकटपट्टी नवी कोरी होती, आक्का. भट्टीशी तुम्ही सगळे होतात, ती मला तिथंच दिसली."

मी विचारलं, मग घरी येऊन मला कशाला विचारलंस?

"सरांचं मला कळलं होतं," ती म्हणाली. "तुमचं बघायचं होतं."

कागद तिनं घेतला. घडी न उघडता रंगाच्या डब्याखाली ठेवला, ओघळ टेबलावर पडू नये म्हणून.