नायट्रोजन तेवढाच भरला

शैलावहिनी गेल्याची बातमी भावाने माझ्या कार्यालयात फोन करून दिली. ‘शैला गेली रे,’ एवढेच म्हणाला. पुढे डोंबिवलीतल्या शोकसभेत वहिनींच्या जुन्या कारखान्याचे तेव्हाचे व्यवस्थापक उठले आणि म्हणाले, ‘मॅडमनी दर्जाशी कधी तडजोड केली नाही.’ खरे आहे. ती करायला त्यांना कोण सांगत होते, हे मात्र ते बोलले नाहीत... म्हणून हे लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकात वहिनी त्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होत्या. तिथे सोयाच्या पिठातून प्रथिन वेगळे काढून त्याची भुकटी करत. ती दिवा, मोहने भागातल्या बालवाड्यांत मुलांच्या खिचडीत पडे. पीठ कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात कालवले की प्रथिन सुटते. उत्पादन वाढावे म्हणून व्यवस्थापकांनी सोडा वाढवला, टाकीही तापवायला लावली. अशाने प्रथिनातले लायसिन, जे वाढत्या मुलांना अन्नातूनच मिळावे लागते, दुसऱ्या एका घटकाशी जखडले जाते. त्यातून तयार होते लायसिनोअ‍ॅलनिन. शरीराला त्याचा उपयोग नाही. प्रयोगातल्या उंदरांच्या मूत्रपिंडांना त्याने इजा झाल्याचे वहिनींनी वाचले होते. कारखान्यातली चाचणी मात्र फक्त नायट्रोजन मोजायची, त्यावरूनच प्रथिनाचे टक्के काढत; आणि लायसिन जखडले तरी तो तेवढाच भरायचा. भुकटी दर वेळी पास.

‘टाकी थंड ठेवा, सोडा कमी करा,’ वहिनींनी बैठकीत सांगितले.

‘मॅडम, तापलंय तुमचं डोकं, आणि थंड करायची आमची टाकी?’ व्यवस्थापक म्हणाले. सगळे हसले. ‘प्रोटीनचे टक्के भरतात ना?’

‘भरतात. पण पोरं टक्के खात नाहीत हो!’

त्यांनी मुंबईच्या प्रयोगशाळेतून लायसिन तपासून आणले. ते बरेच कमी निघाले. लगेच त्यांची बदली पॅकिंगला झाली. ज्या पिशव्या अडवायच्या, त्याच गाडीत चढवून घ्यायचे काम! वहिनींनी नोकरी सोडली. भुकटी जात राहिली. कुठल्या मुलाची वाढ कशाने खुंटली, हे आता कोणीच सिद्ध करू शकणार नाही. शोकसभेत तो माणूस त्याच भरवशावर उभा होता.

परवा भावाकडे गेलो. त्याने उसळीसाठी पांढरे वाटाणे चढवले होते, ते काही केल्या शिजेनात. शेजारच्या काकू वाटीत खायचा सोडा घेऊनच आल्या.

‘अहो, चिमूटभर टाका, लगेच मऊ होतील.’

वहिनींनी त्या घरात सोड्याची बरणी कधी ठेवली नाही. भावाने पातेल्यात आणखी थोडे पाणी ओतले, झाकण ठेवले.

‘राहू दे काकू, आमच्याकडे चालत नाही,’ तो म्हणाला. ‘थांबू थोडं.’