माळवदावरच्या नुसत्या बघणाऱ्या

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ एवढी नेमकी सांगते, कारण परभणीची गाडी पेडगाव स्टेशनातून शिट्टी देऊन सुटली आणि त्याच शिट्टीला आमच्या घरामागं दोन एडके एकमेकांवर सुटले. तेव्हापासून माळवदावर किस्से साठतच चाललेत. एक झाडून टाकावा तर कोपऱ्यात आणखी दोन सापडतात. हसायला म्हणून सांगत नाही. ऐका, आणि माझं कुठं चुकलं ते सांगा.

आधी जागा सांगते. आमच्या परसामागं मोकळं मैदान आहे. दर मंगळवारी, बाजारच्या दिवशी, तिथं एडक्यांच्या टकरी लागतात. कुंपण वगैरे काही नाही. तीन बाजूंनी माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात, तेच कुंपण. चौथ्या बाजूला आमची परसाची भिंत. भिंतीतल्या दाराला टकरीच्या वेळी आतून कडी घालायची, हा सासऱ्यांच्या हयातीपासूनचा रिवाज. बायकांनी मैदानात जायचं नाही. म्हणून आळीतल्या आम्ही आठजणी आमच्या माळवदावर, घराच्या सपाट धाब्यावर, बसून बघतो.

त्या दिवशी माझी सुमी मांडीवर होती. साडेचार वर्षांची आहे. माझ्या दिरांच्या एडक्याचं, पैलवान त्याचं नाव, डावं शिंग मुळाशी फुटलं. रक्त डोळ्यात उतरलं. तरी तो मागं सरला आणि पुन्हा धावला. सगळ्याजणी पुढं वाकल्या. मीही वाकले. तेवढ्यात सुमीनं दोन्ही तळवे माझ्या डोळ्यांवर दाबले.

"आई, तू बघू नको. तू बघायलीस म्हणून त्याला लागायलंय."

रात्रीतून तिला ताप भरला. तीन दिवसांनी उतरला, पण पोरगी जेवेना. घास तोंडाशी नेला की मान फिरवते. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. मग मी एकेकीला विचारत सुटले, आपल्या बघण्याचं पाप असतं का?

*

पहिल्यांदा धाकट्या जावेला विचारलं. गंगा तिचं नाव. एडका तिच्याच नवऱ्याचा.

"अक्का, त्याला शिंगं आपण लावली का? देवानं लावली. टक्कर गडी लावतेत. आपण मधी कुठं आलो?"

"आपण बघतो ना."

"मग डोळे बी देवानंच लावलेत."

एवढं बोलून ती हळद-तेल घेऊन गोठ्यात गेली. फुटक्या शिंगाला लेप लावताना पदरानं नाक पुसत होती. रडत होती म्हणा ना. पुढच्या मंगळवारी बघते तर माळवदावर कठड्याजवळची जागा धरून सगळ्यांच्या आधी कोण बसलेलं? गंगाच.

*

शेजारच्या वाणीण काकू. गळ्यात लिंग, सोमवारचा उपास, घरात अंड्याचं नाव निघालं तरी चूळ भरणार. टकरीला मात्र ओच्यात फुटाणे घेऊन हजर.

"काकू, हे बघणं तुमच्यात चालतं का?"

"मी खात न्हाई, शिवत न्हाई. नुसती बघते. बघितल्यानं कुणाचं पोट भरलंय का?"

तेवढ्यात खाली शिंगाला शिंग भिडलं. काकूंनी फुटाणा दाढेखाली थांबवला आणि म्हणाल्या, "निसटती लागली गं. पुन्यांदा लावा म्हण त्यांना."

*

मागं एकदा कुणीतरी परभणीला तक्रार केली होती. अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, घोड्यावरून आले, मागं दोन शिपाई. आम्हाला वाटलं, आता टकरी बंद. भाऊजींनी खुर्ची टाकली, चहा दिला. साहेब खुर्ची पुढं ओढून बसले आणि पाच टकरी बघितल्या. उठले तेव्हा भाऊजींनी हात जोडले, "साहेब, हुकूम?"

"हम तो सिरफ देखने कू आये थे, टक्कर होती के नहीं होती."

"मग काय दिसलं, साहेब?"

"होती है," साहेब म्हणाले. "बहोत अच्छी होती है."

*

शेवटी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं. त्या ज्वारी निवडत होत्या.

"तू सातवी शिकलीस. तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"मुक्या जनावराला मारू नये."

"बघू नये असं लिहिलंय का?"

"न्हाई."

"मग झालं."

मी उठायला लागले. तर त्याच सांगायला लागल्या. एका वर्षी झरीला मोठं लग्न होतं. गाव सगळं तिकडं गेलेलं. टकरीला माणसं उरली तीन. तिघांचं रिंगण होणार कसं? तरी एडके सोडले. दोघं सरळ कडब्याच्या पेंडीकडं गेले आणि एकाच पेंडीला दोन्हीकडून तोंड लावून खात बसले. काठीनं ढोसलं तरी हलेनात.

"म्हणजे त्यांना भांडायला कोण लावतं, आत्याबाई?"

"मला काय ठाव? ज्वारी निवड."

*

आता परवाचं. पैलवानाचं शिंग अजून ओलं होतं, तरी भाऊजींनी त्याला उतरवलं. सुमीच्या पोटात सकाळपासून घोटभर पाणी तेवढं गेलेलं. मी ठरवलं, आज वर जायचंच नाही. तिला कडेवर घेऊन परसात फिरत राहिले. पण भिंतीपलीकडचं ऐकू यायचं थोडंच थांबतं? खुरं, आरोळ्या, मग खाडकन आवाज. मग दारच हादरलं. पैलवान हटत हटत येऊन आमच्या दाराला टेकला होता. फळ्यांच्या फटीतून त्याचा श्वास ऐकू येत होता.

सुमी म्हणाली, "आई, त्याला आत यायचंय."

कडी दाराला उंचावर आहे. सुमीचा हात तिथवर पोचत नाही. मी तिला दोन्ही हातांनी वर उचलून धरलं होतं, एवढं मला आठवतं. का उचललं, ते विचारू नका. मलाच सांगता येत नाही.

पैलवान आत आला, वाळत घातलेल्या कुरडया तुडवत अंगणातून पुढच्या दारानं बाहेर, आणि झरीच्या वाटेला लागला. भाऊजी मागून धावत आले. मला काहीच न विचारता त्यांनी वर माळवदाकडं बघितलं. तिथून आमचं सगळं परस दिसतं.

"कडी कुणी काढली?"

"मी आताच आले," आत्याबाई म्हणाल्या.

"माझ्या डोळ्यात कुसळ गेलंय," गंगा म्हणाली.

"दर मंगळवारी वरून तुमाला मुंगी दिसती, आन् आज एवढा एडका दिसला न्हाई?"

"आज मंगळवार हाय का?" वाणीण काकू म्हणाल्या. "मी तर उपास धरलाय."

संध्याकाळी सुमीनं दुधात कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली. मला मात्र घास गिळेना. रानात त्याला लांडग्यानं गाठलं तर ते कुणाच्या माथी? बघणाऱ्यांच्या, की कडी काढणारीच्या?

तुमच्यापैकी कुणी झरीकडं जाणार असेल तर एवढा निरोप द्या, आणि पुढं पोचवायला सांगा. डावं शिंग फुटलेला एडका दिसला तर त्याला पाणी पाजा, हळद लावा. पेडगावचं कुणी विचारत आलंच, तर तुमी काही बघितलं न्हाई.